किनाऱ्यावरची नोंदवही

(अलिबाग येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्ष महोदय, शिक्षक बंधू-भगिनींनो, आणि मागे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या मुलामुलींनो,

स्मृती व्याख्यानाची सुरुवात ज्यांच्या नावाने ते होते त्यांच्या गौरवाने करायची, असा प्रघात आहे. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांना गौरवपर भाषणात हमखास डुलकी लागायची, हे इथल्या पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा त्यांच्या आवडीच्या विषयालाच हात घालतो. सहावी ते आठवीच्या मुलांना पृथ्वी आणि आकाश हाताने करून कसे शिकवायचे? आणि तेही इथे, रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या या किनाऱ्यावर?

मुलांच्या हातात वस्तू देणे आता तसे अवघड राहिलेले नाही. भिंग येते, चुंबक येतो, कुठूनतरी दुर्बीणही येते. मुले ती हाताळतात, फोटो निघतो, तास संपतो. माझी तक्रार इथूनच सुरू होते. आज मोजले तेच पुढच्या पंधरवड्यात पुन्हा मोजले, आकडा तारखेसह लिहिला आणि दोन आकडे जुळले नाहीत म्हणून मूल अडले, की तिथे विज्ञानाचा तास खरा सुरू होतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. त्याचा पुरावा याच गावात दगडाच्या इमारतीत उभा आहे.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तिचे फाटक माहीत आहे. ती इथे आली ती ट्रामच्या भीतीने. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा काढली. १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी सुरू झाली. विसावे शतक उजाडताना मुंबईने घोड्यांची ट्राम काढून विजेची आणायचे ठरवले. विजेचा प्रवाह म्हटला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलेच. शहरभर अशा तारा पसरल्या तर पृथ्वीचा क्षीण चुंबक त्या गोंगाटात ऐकू येणार कसा? तेव्हा कुलाब्याचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडची, मुंबईपासून तीसेक किलोमीटरवरची ही जागा निवडली. १९०४ साली इथे काम सुरू झाले. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी.

या हकिकतीतल्या दोन गोष्टी मला मुलांना मुद्दाम सांगाव्याशा वाटतात. पहिली दगडाची. आपल्याकडे घर बांधायला काळा दगड कुठेही मिळतो, पण वेधशाळेसाठी पोरबंदरहून वालुकाश्म आणला, तोही चुंबकीयदृष्ट्या तपासून. कारण आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, स्वतःच थोडासा चुंबक आहे. सागवान, तांबे, पितळ चालले; लोखंडी खिळा चालला नाही. दुसरी गोष्ट वेळेची. मूस यांनी कुलाबा बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग उघडले नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी गाठ पक्की बसावी. ती गाठ बसली म्हणूनच जगात अखंड चुंबकीय नोंदींच्या ज्या मोजक्या लांब मालिका आहेत त्यांत आपली आहे. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींवर मूस यांनी दोन जाडजूड खंड लिहिले. ते १९१० साली निघाले.

त्या साठ वर्षांत एक दिवस असा आहे, की त्यासाठी आजही जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याची वही उघडतात. २ सप्टेंबर १८५९. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लखलखाट पाहिला होता. पुढे जे चुंबकीय वादळ आले त्याने युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्याला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला. आज अलिबागला हा घटक अडतीस हजारांच्या वर असतो. म्हणजे चार टक्क्यांहून मोठी घसरण. तेव्हा फोटोच्या कागदावर आपोआप उमटणारी नोंद नव्हती. कोणीतरी माणूस छोट्या दुर्बिणीला डोळा लावून पट्टीवरचा आकडा वाचत होता आणि टाकाने लिहीत होता. सुई भलतीकडे गेली म्हणून त्याने "यंत्र बिघडले" असा शेरा मारून वही मिटली नाही. दिसले ते लिहिले. दीडशे वर्षांनी अंतराळ-हवामानाच्या अभ्यासकांना त्या वादळाची ताकद ठरवायला तेच आकडे उपयोगी पडले. आणि योगायोग पाहा, आपले आदित्य-एल१ यान सूर्याकडे निघाले तेही २ सप्टेंबरलाच, २०२३ साली.

कुलाब्याच्या त्या वेधशाळेत १८४० च्या सुमारास एक पंधरा वर्षांचा मुलगा कामाला लागला होता. तो आपल्या नागावचा. केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२५. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तो आकडे टिपायला शिकला. हेच पुढे केरूनाना छत्रे झाले, पुण्याला गणिताचे प्राध्यापक झाले, १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक काढले आणि लोकमान्य टिळकांना गणित शिकवले. आपण शाळेत टिळकांच्या शेंगांची गोष्ट सांगतो, त्यांच्या गुरूच्या कोष्टकांची सांगत नाही. सतरंजीवर बसलेल्यांत नागावचे कोणी असेल तर त्याने आज घरी जाऊन हे सांगावे.

आता आपल्या शाळांकडे येऊ. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. थर्माकोलची सूर्यमाला तयार मिळते. ज्वालामुखीही मिळतो: मातीचा शंकू, वर भोक, आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल रंग. फेस येतो, टाळ्या पडतात. मला या ज्वालामुखीचे फार वाईट वाटते, कारण तो रायगडात तरी साफ चुकीचा आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड असल्या शंकूतून आलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. शिवाय सोडा आणि व्हिनेगर यांच्या फेसाचा वितळलेल्या खडकाशी काडीचा संबंध नाही.

त्याऐवजी ओहोटीला मुलांना खडकांवर न्यावे. अलिबागपासून मुरूडपर्यंत किनाऱ्यावर असे उभे काळे पट्टे दिसतात, की मूळ खडकात कोणी भिंत घातल्यासारखे वाटावे. भेगेत लाव्हा अडकून थिजला, तो हा डाईक. मुलांनी होकायंत्राने त्याची दिशा घ्यावी, पावलांनी रुंदी मोजावी, कडेचा दगड आणि मधला दगड भिंगातून पाहावा. कडेला दाणे बारीक दिसतील, कारण तिथे लाव्हा थंड दगडाला टेकून झटकन निवला. मधे तो सावकाश निवला. होकायंत्र दगडाच्या फार जवळ धरले तर सुई चाळवते. का, ते पोरबंदरच्या दगडाची गोष्ट ऐकलेले मूल सांगू शकते.

वाळूचा एक तास तर वर्गातही घेता येतो. अलिबागची वाळू काळसर, काशीदची उजळ. दोन्ही ठिकाणची मूठ-मूठ वाळू कागदावर वाळवा. जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा. पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटते. पिशवी न गुंडाळता फिरवलात तर ते कण चुंबकावरून काढता काढता शाळा सुटेल. पिशवी उलटी केली की कण वेगळ्या कागदावर पडतात. त्यांत मॅग्नेटाइट असते, आपल्याच बेसॉल्टमधून सुटून आलेले. मग दोन्ही वाळूंवर व्हिनेगरचे थेंब टाका. शिंपल्यांचा चुरा जास्त असलेल्या वाळूत बुडबुडे येतात, काळ्या कणांत येत नाहीत. एवढ्यावर एक वाळू डोंगरातून आली आणि दुसरीतला बराचसा भाग समुद्रातल्या जिवांनी घडवला, हे मुलेच सांगतात. तास इथे संपवला तर तो गंमतीचा तास. काळ्या कणांचे वजन करून वाळूच्या शेकड्याला किती, हे लिहून ठेवले आणि पावसाळ्यानंतर त्याच जागेची वाळू पुन्हा आणली, तर पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याचे काय करतात याचा अभ्यास सुरू होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर शेकडेवारी तीच राहील, असे कोणी पैजेवर सांगू नये.

चुंबकाचाच आणखी एक प्रयोग आहे, आणि तो माझा लाडका. त्याला लागते पोती शिवायचे दाभण आणि बारीक दोरा. दाभण मधोमध दोऱ्याला बांधून अगदी आडवे लोंबेल असा तोल साधायचा. यात मुलांचा अर्धा तास जातो आणि जाऊ द्यावा. मग गाठ न हलवता त्या दाभणावरून चुंबक एकाच दिशेने घासायचा. पुन्हा लोंबवले की ते फिरून उत्तर-दक्षिण होते, हे पुस्तकात असते. पुस्तकात बहुधा नसते ते पुढचे: त्याचे उत्तरेकडचे टोक किंचित खाली झुकते. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे जमिनीला समांतर नाही, पंचवीस अंशांच्या थोडे वर इतके ते जमिनीत घुसते. वर्गातला चिकित्सक मुलगा लगेच म्हणणार, "सर, गाठ सरकली असंल." ही शंका अगदी बरोबर आहे. तिचे उत्तर शिक्षकाने द्यायचे नाही, दाभणाने द्यायचे. चुंबक उलट बाजूने घासून ध्रुव बदलायचे. आता दुसरे टोक उत्तरेला जाते आणि तेच खाली झुकते. गाठ सरकली असती तर पहिलेच टोक जड राहिले असते.

झुकाव कोनमापकाने मोजला तर पंचवीस अंश येत नाहीत, पुष्कळ कमी येतात. दोऱ्याची गाठ दाभणाच्या मध्याच्या जराशी वर असते, म्हणून वजन त्याला सतत आडवे करायला ओढत राहते. उत्तर "चुकले", पण चूक कुठून आली ते सापडले. माझ्या मते आठवीच्या मुलाला यापेक्षा मोठी कमाई नाही. इथून एक पाऊल पुढे गेले की खंडांच्या प्रवासाची गोष्ट येते. विषुववृत्तावर अशी सुई जवळजवळ आडवी राहते, ध्रुवाकडे उभी होत जाते. लाव्हा थिजताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या क्षेत्राप्रमाणे रांगेत बसतात. १९५० च्या दशकात लंडनच्या ब्लॅकेट यांच्या गटाने आपल्या दख्खनच्या दगडांतला हा जुना झुकाव मोजला आणि निष्कर्ष निघाला, की हे दगड थिजले तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होता. दगडासकट आपण सगळे उत्तरेला सरकत आलो आहोत.

आता आकाश. चंद्रयान-३ उतरले त्या २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी गावोगाव टीव्हीसमोर मुले बसली होती, आणि त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात काय होते? माझे उत्तर आहे, काठी. एक मीटरची सरळ काठी, मैदानात ओळंब्याने उभी केलेली. दुपारी सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते पाहायचे. मुले बाराला येऊन उभी राहतात आणि सावली आखूड होतच राहते. घड्याळ भारताचे, ८२.५ रेखांशाचे, आपण ७२.९ वर. दर अंशाला चार मिनिटे धरली की आपली माध्यान्ह बारा अडतीसच्या सुमारास येते. जुन्या मुंबईचे घड्याळ याच हिशेबाने भारतीय वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असायचे, आणि ते स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालले. बरे, बारा अडतीसही कायमचे नाही. फेब्रुवारीच्या मध्याला माध्यान्ह बारा त्रेपन्नपर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या आरंभी बारा बावीसला येते. वर्षभर नोंद ठेवणाऱ्या वर्गालाच हे कळते. एका दिवसाच्या शिबिराला कळणार नाही.

सावलीची लांबीही बोलते. २२ डिसेंबरला एक मीटरच्या काठीची सावली माध्यान्हीला नव्वद सेंटिमीटर, उत्तरेकडे. विषुवदिनी चौतीसच्या थोडी आत. आणि २१ जूनला फक्त आठ सेंटिमीटर, तीही दक्षिणेकडे, कारण त्या दिवशी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. सूर्य कधी उत्तरेला जातो यावर गावात पैज लावा, बरेच जण हरतील. अडचण अशी, की जूनमध्ये पाऊस. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो: मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्याला शाळेला सुट्टी, दुसऱ्याला सूर्याला! सुट्टीतसुद्धा काठीपाशी येणारी दोन मुले प्रत्येक गावात असतात. वही त्यांच्याकडे द्यावी. उपग्रह किती किलोमीटरवर आहे ते पाठ असलेल्या मुलाला रात्री ध्रुवतारा दाखवता येत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. हात लांब करून मूठ आकाशाला लावली की दहा अंश होतात. ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो. साडेअठरा अंश, अलिबागचा अक्षांश.

समुद्राच्या बाबतीत मात्र मास्तरांनी जरा मागे बसावे. कोळीवाड्यातून येणाऱ्या मुलांना ज्ञान देण्याआधी त्यांच्याकडून घ्यावे. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. तो सुरू करताना विचारावे, आज पाणी केव्हा भरेल? कोणी बोट तिथीवर मोजेल आणि सांगेल, "आजा बोलतो, चवथीला तीनला पानी फुल." हिशेब साधा: तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन. अष्टमीला सहा. हाच हिशेब शुक्ल पक्षाला आणि हाच कृष्ण पक्षाला. मोबाईल नव्हता तेव्हापासून माणसे याच हिशेबावर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन पाणी चढायच्या आत परत येत आली आहेत.

आता वर्गात प्रश्न टाकायचा: पाऊणपटच का? चंद्र सूर्यापासून एका तिथीत बारा अंश पुढे जातो. पृथ्वीला बारा अंश फिरायला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. म्हणजे रोजचा उशीर अठ्ठेचाळीस मिनिटांचा हवा, आणि पाऊणपटीत तो पंचेचाळीस होतो. पंधरा तिथ्यांत पाऊण तास मागे पडणार. आज्याचे गणित चुकले की काय? चुकले नाही. पाऊण तोंडी करायला सोपे आहे आणि होडी काढायला तेवढे पुरते. प्रत्येक पक्षाला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून चूक साठत नाही. कॅलेंडर सुधारण्याचा जगाचा सगळा इतिहास या एका युक्तीत मावतो.

मग मोजणी. धक्क्याच्या पायऱ्यांवर किंवा खाडीत रोवलेल्या बांबूवर वीतभर अंतराने रंगाचे पट्टे ओढायचे. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, कठड्याच्या आतून, दर अर्ध्या तासाला वाचन, महिनाभर पाळीपाळीने. उधाणाला पाण्याची चढउतार इथे साडेतीन मीटरच्या आसपास आणि कधी त्याहून जास्त, भांगाला दीडेक मीटर. पुस्तकातल्या आकृतीत पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत येतात आणि भरती कमाल होते. मुलांच्या वहीत कमाल पाणी एक-दोन दिवस उशिरा सापडते. आणखी एक गोष्ट सापडते: दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी आणि एक छोटी. आकृतीत तर दोन्हीकडचे फुगवटे एकसारखे असतात. चंद्र बहुतेक दिवस विषुववृत्ताच्या वर किंवा खाली असतो, हे आठवीच्या मुलाला समजते. मात्र आधी त्याच्या वहीत ते दिसलेले असावे लागते. आणि अमावास्येला भर दुपारी, चंद्र डोक्यावर असताना आपल्याकडे पाणी भरते, म्हणून आकृती खरी वाटते. भावनगरला जा, तीच भरती काही तास उशिरा. पाण्याला उथळ समुद्रातून, आखातातून वाट काढायला वेळ लागतो. वहीने एवढे दाखवले की आकृतीवरचा आंधळा विश्वास उडतो. शिक्षकावरचा उडाला तरी हरकत नाही.

एक विषय मी टाळणार नव्हतो, मुले समोर असली तरी. या जिल्ह्यातल्या डोंगरांनी माणसे गिळली आहेत. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. भूविज्ञान हा आपल्या मुलांसाठी छंद नाही. पत्र्याच्या ट्रेमध्ये सुकी वाळू ओता, तिचा ढीग तेहेतीस-चौतीस अंशांवर थांबतो; वर आणखी ओतली तर घसरते. थोडी ओली केली की उभी राहते, मुले किल्ले करतात तशी. आता ढिगाच्या माथ्यावर थेंबथेंब पाणी सोडत राहा. बराच वेळ काही होत नाही. मग सगळे एकदम बसते. जे पाणी कणांना धरून ठेवत होते तेच कणांच्या फटी भरल्यावर त्यांना उचलून सुटे करते. किती पाण्याला ढीग बसला तो आकडा फळ्यावर लिहायचा आणि त्याच दिवसाचा पाऊस शेजारी.

पाऊस मोजायला सरळ बाजूंची बाटली कापून पुरते. तोंडाचा भाग उलटा करून वर ठेवला की फनेल झाला. आदल्या सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत, हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे. शंभर मिलिमीटर म्हणजे काय, हे मुलांना छपरावर दाखवावे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पडले तर दहा हजार लिटर, एक अख्खा टँकर. असा टँकर डोंगराच्या प्रत्येक तेवढ्या तुकड्यावर रिकामा झाला. सलग दोन-तीन दिवस आकडा तसाच राहिला, तर वाडीवरच्या सातवीतल्या मुलीची वही ग्रामपंचायतीत मांडण्याजोगी असते. तिच्यावरून दरड केव्हा कोसळेल ते सांगता येत नाही. मात्र "पाऊस लई झाला" या वाक्याच्या जागी आकडा येतो, आणि कागदावरच्या आकड्याला उत्तर देणे कचेरीला भाग पडते.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, शिक्षक दोन आणि वर्ग सात, त्यात निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे. हे सगळे खरे आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तीस वर्षांत तो हजारभर शाळांत पोचला, त्याची परीक्षासुद्धा पुस्तक उघडे ठेवून आणि हाताने करून घ्यायची होती. २००२ साली सरकारने तो बंद केला. आपल्याकडे पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून विज्ञान आश्रमात हातांना शिक्षणात आणले. असे कार्यक्रम सरकारच्या मर्जीवर किती टिकतात याचा अनुभव चांगला नाही. म्हणून माझी सूचना छोटी आहे. दर शाळेने वर्षाला एकच गोष्ट निवडावी: सावली, किंवा पाणी, किंवा पाऊस. तासिका न मागता, मधल्या सुट्टीत, दोन मुलांकडून. आणि सातवीची मुले शाळा सोडण्याआधी सहावीच्या मुलांबरोबर दोन महिने एकाच वेळी, वेगवेगळ्या वह्यांत वाचन घ्यावे. मूस यांनी कुलाबा-अलिबागला केले तेच. नाहीतर दर जूनला नवी वही पहिल्या पानापासून सुरू होते आणि जुनी रद्दीत जाते.

शेवटचा मुद्दा, आणि तो कामाचा आहे. इरॅटॉस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वी मोजली. ते आपल्याला करता येईल. अलिबागच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे २८० किलोमीटरवर, सुरत आहे. सुरतेत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत, तेव्हा भाषेची अडचण नाही. विषुवदिनी एक मीटरच्या काठीची माध्यान्हीची सावली इथे चौतीस सेंटिमीटरच्या जरा आत, तिथे एकोणचाळीसच्या जरा आत. फरक पाच सेंटिमीटरचा. त्यावरून परीघ चाळीस हजार किलोमीटर येतो, पण एका बाजूने अर्धा सेंटिमीटर चुकला की चार हजार किलोमीटर इकडे-तिकडे. सावलीची कड स्वतःच सेंटिमीटरभर पुसट असते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे. म्हणून दोन्ही शाळांनी आधी ठरवून घ्यावे, की पुसट पट्ट्याचा मध्य मोजायचा.

सप्टेंबरच्या विषुवदिनाला ढगांचा भरवसा नाही. २० किंवा २१ मार्च बरा, परीक्षेच्या तोंडावर असला तरी. काठ्या दोन्हीकडे बरोबर एक मीटरच्या हव्यात, आणि ओळंबा तपासायला गवंडी बोलवावा, तो शिक्षकांपेक्षा चांगला तपासतो. सुरतेला पत्र पाठवावे लागेल. ज्या शाळांना यात यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर टेबलापाशी नाव लिहावे. आता प्रश्न घेतो; आधी सतरंजीवरचे.